अविरा सरांचं अळणी जेवण

अविरा सरांना एकदा बोलायला उभं केलं की खाली बसवणं कोणाच्या बापाला जमत नसे. इलवुंकुन्न या आमच्या गावच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की मोठ्या मुलामुलींना धर्मशिक्षण द्यायचे. शरीर ही आपली मालमत्ता नाही, देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे. औषधपाण्यात गरिबाचा नंबर आधी. सगळ्यांचं भलं ते आपलं भलं. हे त्यांचे ठरलेले विषय, आणि बोलायचे असे की बायका पदराने डोळे टिपायच्या. सरांना ते दिसायचं, आणि आवडायचंही. आता उगाच नाही कशाला म्हणायचं.

घात झाला तो पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या मंडळींच्या, एका सभेत. चर्चचा कप्यार कुंचेरिया याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, वेदीची झाडलोट हे सगळं कुंचेरियाच करायचा. तो आता दिवसाआड बिशपांच्या इस्पितळात डायलिसिसच्या यंत्राला लटकलेला. घंटा कोणीही येऊन ओढत होतं, मिस्सेची कुठली आणि मयताची कुठली हेच कळेनासं झालं होतं. बायको त्रेस्या किडनी द्यायला तयार, पण तिला साखरेचा आजार. धाकटा भाऊ औसेप याचं रक्त जुळलं, आणि त्याने डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलं की मला भीती वाटते, मला नाही जमणार.

त्यावर अविरा सर गप्प बसले असते तर ते अविरा सर कसले. पुढच्याच रविवारी वाचनाच्या मेजाशी उभं राहून, नाव न घेता, ते म्हणाले होते की सख्ख्या भावाचं रक्त ओळखत नाही असा माणूस आपल्यात बसतो. सगळं चर्च माना वळवून मागे बघायला लागलं. औसेप मागच्या खांबाशी उभा होता. तो तेवढ्यातच बाहेर पडला आणि पुन्हा चर्चमध्ये दिसला नाही. तसाही तो ताडीच्या दुकानात आचारी, त्याची उणीव कोणाला भासली नाही.

तर सभेत आखातातून परत आलेल्या वरीदने सुचवलं की दलाल ओळखीचा आहे, कुठल्यातरी गरजू माणसाची किडनी मिळते, पैसे मी टाकतो. भला माणूस, मनापासून बोलला. पण सर ताडकन उभे राहिले. गरिबाचं पोट फाडून त्याचा बाजार मांडायचा? धर्मसभा इतकी वर्षं काय सांगते आहे? विकत नको, दान हवं. सभेने टाळ्या वाजवल्या. वरीद ओशाळून खाली बसला. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी शांतपणे विचारलं, "बरोबर आहे सर. पण मग देणार कोण?"

सरांचं तोंड अजून गरम होतं. "कोण म्हणजे? मी देईन," ते म्हणाले.

म्हणाले आणि त्यांनाच ते ऐकू आलं. आ बैल मला मार, दुसरं काय. पण आता सभा उभी राहिली होती, अच्चन म्हणजे आमचे फादर खुर्चीवरून उठून मिठी मारायला येत होते, आणि त्रेस्या बायकांच्या बाजूला तोंडात पदर कोंबून रडत होती. दोन दिवसांत चर्चच्या फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर सरांचा हसरा फोटो, मागे आकाश, वर कबुतर आणि खाली मोठ्या अक्षरांत 'जिवंत दानशूर'. अजून रक्ताचा थेंब तपासलेला नव्हता. आमच्याकडे ही एक खोडच आहे. लग्न जमण्याआधी मांडव आणि मरण्याआधी शोकसभेचा मजकूर तयार.

सरांची बायको पेण्णम्मा फ्लेक्स बघून आली आणि एवढंच म्हणाली, "मला आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं." पण तीही अभिमानाने म्हणाली असावी, कारण रात्री तिने त्यांच्या आवडीची बदकाचा रस्सा केला.

तपासण्या सुरू झाल्या. रक्त जुळलं. दरवेळी निकाल चांगला आला की सर हसायचे आणि कागद पुन्हा उलटून बघायचे. इस्पितळातला किडनी काढून बसवणारा डॉक्टर मोठा प्रेमळ. त्याने एकदा सरांच्या बरगडीखालून पाठीपर्यंत बोट फिरवून दाखवलं, साधारण इथून इथपर्यंत. ते बोट सरांच्या अंगावरून पुढे कित्येक दिवस फिरत राहिलं. वर्गात शिकवताना, दाढी करताना, मिस्सेत गुडघ्यावर बसल्यावरसुद्धा. यातून सुटता येईल का, एवढाच विचार डोक्यात असायचा. कुठलातरी आकडा चुकावा, कुठेतरी खोट निघावी म्हणून ते चक्क नवस बोलले. देवाकडे आजार मागणारा माणूस पॅरिशमध्ये त्यांच्याआधी झाला नसेल.

शेवटी सिस्टर जसिंतांनी बोलावलं. त्या डॉक्टरही होत्या आणि ननही, आणि इस्पितळात कुठलं उपचाराचं काम धर्माला धरून आहे, कुठलं नाही, हे ठरवणाऱ्या समितीच्या प्रमुख. त्यांनी पेण्णम्माला बाहेर बसवलं, दार लावलं आणि चष्मा काढून ठेवला.

त्या म्हणाल्या की तपासण्या उत्तम आहेत. पण हे दान आहे, आणि दान मोकळ्या मनाने दिलं तरच दान, नाहीतर ती वसुली. तुमच्यावर फोटोंचं दडपण आहे, मी फाटकावरून जाते, मला दिसतं. म्हणून प्रत्येकाला विचारते तसं तुम्हालाही विचारते. मन नसेल तर आत्ता सांगा. आम्ही बाहेर एवढंच कळवतो, की हा दाता चालणार नाही. का, ते कोणाला सांगत नाही. नाइलाजाने देणारा आम्हाला खरोखरच चालत नाही, त्यामुळे त्यात खोटंही काही नाही.

सरांना वाटलं होतं की असं काही विचारलं तर आपण बाणेदारपणे नाही म्हणू. पण त्यांना रडूच कोसळलं. बारक्या पोरासारखे हुंदके देत ते म्हणाले, "मला नाही जमणार, सिस्टर. मला कापून घ्यायची भीती वाटते."

सिस्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

इथवर जे झालं त्याला माणूस माफ करेल. भीती काय, ज्याची त्याला. पुढचं मात्र सरांनी स्वतःच्या हाताने केलं. सिस्टरांनी त्यांना गप्प राहायची सोय करून दिली होती. पण गप्प राहणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. बाहेर आल्यावर पेण्णम्माने घाबरून विचारलं, काय निघालं, आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याच किडनीत थोडा दोष आहे म्हणाले. मीठ बंद करायला सांगितलंय."

बस. त्या दिवसापासून सर अळणी खायला लागले.

तुम्हाला वाटेल त्यात काय मोठंसं. पण आमच्या गावात माणूस आजारी पडला की तो एकट्याचा राहत नाही. फ्लेक्स उतरला आणि त्या जागी प्रार्थनेची विनंती लागली. कुठल्याही घरी सभा असो, बारसं असो, सरांची पेज वेगळी, मासा वेगळा, ताक वेगळं, सगळं बिनमिठाचं. समोर सगळे कैरीचं लोणचं चोखताहेत आणि सर उकडलेल्या सुरणाकडे बघत बसलेले. "बिचारे," बायका म्हणायच्या, "द्यायला गेले आणि स्वतःचंच दुखणं सापडलं." आणि पेण्णम्मा? तिने स्वतःच्या ताटातलंही मीठ बंद केलं. तुम्हाला नाही तर मलाही नको, म्हणाली. सरांनी परोपरीने सांगितलं, रागावूनही पाहिलं. ती ऐकेना. तिचं तोंड अळणी घासावर वाकडं व्हायचं आणि ती चावत राहायची. ते बघताना सरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सगळ्यांत वाईट त्रेस्या. नवऱ्याला इस्पितळातून आणून निजवायची, आणि मग सरांच्या घरी येऊन शहाळी ठेवून जायची. किडनीला चांगली म्हणे. कुंचेरियाच्या तर किडन्याच गेलेल्या, त्याला शहाळं वर्ज्य, म्हणून त्याच्या झाडाची सगळी इकडे. एकदा म्हणाली की नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केली आहे, आधी तुमच्या नावाने मेणबत्ती लावते, मग त्यांच्या. सरांनी शहाळं हातात घेतलं. ते नको म्हणण्याइतकीसुद्धा लाज त्यांच्याजवळ उरली नव्हती की काय, असं त्यांना स्वतःलाच वाटलं. ती गेल्यावर ते न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नुसते उभे राहिले.

कुंचेरिया खंगत चालला. यंत्राची सुई टोचायला हाताची शीर सापडेना. तेव्हा अच्चन एक दिवस शाळेत आले आणि म्हणाले की आता औसेपशिवाय मार्ग नाही. मी गेलो, तो आतून बाहेरच आला नाही. त्रेस्याचं तो ऐकत नाही. पण तुमचं वेगळं आहे. जो द्यायला निघाला आणि देवानेच ज्याला अडवलं, त्याने सांगितलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही. तुम्ही जा.

सरांनी टाळायचा प्रयत्न केला. पण अच्चनांच्या मागे त्रेस्या उभी होती.

दुपारी ताडीच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. मागच्या चुलीशी औसेप माशाच्या कालवणाचं मडकं हलवत होता. सरांना बघून त्याने पळी ठेवली, पण या बसा म्हणाला नाही. सरच बाकावर टेकले. वाटेत त्यांनी भाषण जुळवलं होतं. चांगलं होतं भाषण, भाऊबंद, एकमेकांचा भार उचलणं, सगळं त्यात होतं. पण आंबट कोकमाचा, मिरचीचा आणि मिठाचा वास सरळ डोक्यात गेला आणि एक वाक्य धड आठवेना.

"जेवणार का?" औसेपने विचारलं. आमच्याकडे शत्रूलाही विचारतात. मग त्याला आठवलं. "पण तुम्हाला चालत नाही ना. तुमच्यासाठी अळणी काही नाही इथे."

"वाढ," सर म्हणाले.

औसेपने उकडलेला टॅपिओकाचा कंद आणि वर लालभडक कालवण वाढलं. सरांनी पहिला घास घेतला आणि मग ते थांबलेच नाहीत. कित्येक महिन्यांचा उपाशी माणूस जेवतो तसे जेवले. बोटं चाटली, आणखी मागितलं, तेही पुसून खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते तिखटाचं नव्हतं. औसेप चुलीशी उभा राहून बघत होता. तो काही शिकलेला नाही, पण एवढं कळायला शाळा लागत नाही.

"तुम्हाला काही झालेलं नाही," तो सावकाश म्हणाला.

सरांनी खाली मान घालून ताटातलं मीठ बोटाने टिपलं. "नाही. ठणठणीत आहे मी. सिस्टरांनी विचारलं, मन आहे का, आणि मी रडलो. भीती वाटली मला. तुझ्यासारखीच. तू तोंडावर सांगितलंस आणि मी तुला चर्चमधून हाकललं. मी मात्र तेच बंद दाराआड सांगितलं आणि गावाची सहानुभूती खात बसलो."

औसेप हसेल, शिव्या देईल, ताट भिरकावेल, काहीही सरांना चाललं असतं. तो समोरच्या बाकावर येऊन बसला.

मग म्हणाला, "मला वाटायचं, सगळ्या गावात भित्रा मीच एक. सगळे लांब उभे राहून दे, दे म्हणत होते, जसं काय खिशातला रुमाल काढून द्यायचाय. मग मला आणखीनच नाही म्हणावंसं वाटायचं." त्याने सरांचं ताट उचललं. "म्हणजे ती गोष्ट भिण्यासारखीच आहे तर. तुमच्यासारख्याला रडू येतं म्हणजे आहेच."

एवढंच बोलून तो ताट घासायला बसला. चला म्हणाला नाही, थांबा म्हणाला नाही. सर घरी आले. अच्चनांना सांगितलं, मला काही समजावता आलं नाही. ते मात्र अक्षरशः खरं होतं.

दुसऱ्या सकाळी सर इस्पितळात गेले. सिस्टर जसिंतांसमोर उभं राहून म्हणाले की मी तयार आहे, माझी घ्या, आजच घ्या. सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. काय झालं ते विचारलं. सरांनी सगळं सांगितलं, अळणी जेवणापासून कालच्या कालवणापर्यंत.

"सर, शरमेची किडनी मी घेत नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही कुंचेरियाला काही द्यायला आलेला नाही. तुम्हाला स्वतःचं काहीतरी फेडायचंय. त्यासाठी ऑपरेशनचं टेबल नसतं, कबुलीची जागा वेगळी आहे. शरम ओसरल्यावरही यावंसं वाटलं तर या. इथली रांग कधी संपत नाही." मग चष्मा लावत त्या सहज म्हणाल्या की शिवाय कुंचेरियासाठी आता गरजही नाही, औसेप पहाटेच्या बसने आला आहे, त्याच्या तपासण्या चालू आहेत. त्यालाही दार लावून तेच विचारलं. तो म्हणाला, भीती आहेच, पण आता माझ्या मनाने देता येईल.

ऑपरेशन झालं. भावाची किडनी भावाला लागली, दोघेही सुखरूप. आणि गावाने काय केलं? फ्लेक्स लावला. त्यावर अविरा सरांचा पुन्हा तोच हसरा फोटो, तेच आकाश, तेच कबुतर. या वेळी खाली लिहिलं होतं 'मन जिंकणारा मार्गदर्शक'. कोपऱ्यात कुंचेरिया आणि औसेप, पोस्टाच्या तिकिटाएवढे. देणारा राहिला बाजूला आणि मिरवायला निघाले सर, तेही न मागता. सरांनी अच्चनांकडे जाऊन फ्लेक्स काढायची विनवणी केली, तर अच्चन म्हणाले, केवढा हा नम्रपणा.

आभाराची मिस्सा झाली आणि पॅरिशच्या सभागृहात जेवण मांडलं. केळीची पानं वाढायला घेतली होती. भावांना पुढे खुर्च्या दिल्या होत्या. औसेप अजून कण्हत बसायचा. तो सगळ्यांशी बोलत होता, आणि सरांचं गुपित त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, हे सरांना लोकांच्या डोळ्यांतल्या प्रेमावरून कळत होतं. अच्चनांनी जरीची शाल उलगडली आणि सरांना पुढे बोलावलं.

सरांनी शाल घेतली नाही. माईक घेतला. पेण्णम्मा कौतुकाने मान सावरून बसली, आता भाषण होणार. त्रेस्या वाढपाच्या टेबलाशी होती. तिच्या हातात अळणी जेवणाचं, झाकणाचं छोटं भांडं होतं. सगळ्यांना माहीत होतं ते कोणासाठी.

"माझी किडनी चांगली आहे," सर म्हणाले. "पहिल्यापासून चांगली होती. मी भ्यालो म्हणून दिली नाही. सिस्टरांनी मला गप्प राहायची मोकळीक दिली होती, मिठाचं थोतांड मी काढलं. औसेपला मी समजावलं नाही. मी त्याच्यासमोर रडलो, आणि त्याने त्याचं ठरवलं. त्याला मी याच चर्चमध्ये नको ते बोललो होतो. ही शाल त्याची आहे."

आयुष्यातलं त्यांचं सगळ्यांत छोटं भाषण. टाळी नाही. अच्चनांना शाल कुठे ठेवावी ते कळेना. औसेपने मान वर करून सरांकडे बघितलं, आणि मग स्वतःच्या पायांकडे.

सर आपल्या पानाशी जाऊन बसले. घरी जावं असं फार वाटत होतं, पण उठून गेलो तर पुन्हा पळालो असं होईल, म्हणून बसून राहिले. शेजारी पेण्णम्मा होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. वाढपी पानं वाढत आले. सरांच्या पानाशी येऊन ते घुटमळायचे आणि सवयीने पुढे जायचे.

मग त्रेस्या आली. छोटं भांडं अजून तिच्या हातात होतं. दुसऱ्या हाताने तिने सरांच्या पानाच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ ठेवलं, सगळ्यांना ठेवतात तसंच, जास्त नाही, कमी नाही.

"अळणी भांडं मी यांच्यासाठी नेते, सर," ती म्हणाली. "यांना खरंच लागतं."

ती पुढे गेली. सरांना हात पानाला लावता येईना. शेजारून पेण्णम्माचा हात आला. तिने त्यांच्या पानावरचं मीठ उचललं, आपल्या भातात कालवलं आणि जेवायला लागली.